अंबारखान्याचा जिना आणि पडद्यावरचे बटण

पन्हाळ्यावर जाणारा माणूस सहसा तीन दरवाजा पाहतो, सज्जाकोठीत उभा राहून वारा खातो, वाटेत झुणका-भाकरीचा समाचार घेतो आणि संध्याकाळच्या आत कोल्हापूरला परततो. अंबारखान्यातही तो डोकावतो, नाही असे नाही. पण आतला गारवा अंगावर घेतला, एखादी हाक मारून प्रतिध्वनी ऐकला, की त्याचे तेथले काम संपते. माझेही पुष्कळ वर्षे असेच चालले होते. मग एकदा सहज म्हणून मी गंगा कोठीच्या बाहेरचा जिना चढून छपरावर गेलो, आणि त्या दिवसापासून ती इमारत मला वेगळीच दिसू लागली.

गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या कोठारांची नावे. त्यांतली गंगा सर्वांत मोठी. तिच्यात 25,000 खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. आत घुमटाकार छताचे खण आहेत आणि खणांच्या माथ्यावर एकेक भोक ठेवलेले आहे. पाठीवर पोते घेतलेला माणूस बाहेरच्या जिन्याने वर यायचा, भोकाशी पोते मोकळे करायचा आणि हलक्या पाठीने उतरून जायचा. धान्य काढणारा मात्र खालच्या दाराने आत शिरायचा. ओतणाऱ्याची वाट निराळी, काढणाऱ्याची निराळी. दोघांची गाठ नाही, गर्दी नाही, भांडण नाही. रामचंद्रपंत अमात्यांची समाधी याच गडावर आहे. त्यांच्या आज्ञापत्रात गडावरची कोठारे आग, उंदीर, कीड आणि वाळवी यांपासून निर्धोक असावीत अशी ताकीद आहे. परंतु मला भुरळ पडली ती त्या भोकाची. ज्या कोणी ती कोठी आखली, त्याने आधी पोते वाहणाऱ्याची पाठ डोळ्यांपुढे आणली असली पाहिजे.

मी काही इतिहासकार नव्हे. आयुष्याची पंचवीस वर्षे मी संगणकाच्या पडद्यावर चौकटी आखण्यात घालवली. आज्ञावली, म्हणजे ज्याला सगळे सॉफ्टवेअर म्हणतात ती वस्तू, पोटात काहीही करीत असो. माणसाला दिसते ती तिची दर्शनी बाजू: नाव लिहायची चौकट, गावांची यादी, रक्कम भरायची जागा, आणि शेवटी एक बटण. या दर्शनी बाजूला इंग्रजीत इंटरफेस म्हणतात. आपल्या परिभाषाकोशांत तिला शब्द आहेत, पण ते तोंडात बसत नाहीत. म्हणून मी आपला दर्शनी बाजूच म्हणतो. ती आखण्याची हत्यारे कशी आली आणि आमच्या पन्हाळा तालुक्यापर्यंत येता येता त्यांचे काय झाले, ही हकीकत मला सांगायची आहे.

मी या धंद्यात पडलो तेव्हा पडदा काळा असे, त्यावर 25 ओळी आणि 80 रकाने. फॉक्सप्रोसारख्या भाषेत काम चाले. आठव्या ओळीच्या दहाव्या रकान्यावर ‘नाव’ हा शब्द दाखव, विसाव्या रकान्यापासून उत्तर घे, अशा आज्ञा एकामागून एक लिहायच्या. पडदा कसा दिसेल हे तो चालविल्याशिवाय कळत नसे. आम्ही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने घरे मोजून आखणी करायचो आणि मग ते आकडे यंत्राला सांगायचो. एक शब्द लांबला की खालचे सगळे आकडे बदलायचे. चित्रकाराने चित्र न काढता चित्राचे वर्णन पत्राने कळवावे, तसला तो प्रकार होता.

चित्र थेट पडद्यावर काढावे ही कल्पना मात्र जुनी आहे. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ नावाचा आपला प्रबंध पुरा केला. हातातली प्रकाशलेखणी पडद्याला टेकवायची आणि रेघ ओढायची. यंत्र ती रेघ ओळखून लक्षात ठेवी. पुढे चित्रमय पडद्याचे संगणक निघाले, 1984 साली मॅकिंटॉश आला. पण त्यावर आज्ञावली लिहिणाऱ्याचे हाल संपले नव्हते. वापरणाऱ्याला चित्रे मिळाली, लिहिणाऱ्याच्या नशिबी अजून आकडेच. फ्रान्समधल्या ज्याँ-मारी उलो यांनी त्यातून वाट काढली. बटणे, चौकटी, याद्या तयार ठेवायच्या, माउसने उचलून पडद्यावर मांडायच्या आणि कोणते बटण कोणाला हाक मारील ते तार जोडावी तसे जोडून दाखवायचे. हे काम पाहून स्टीव्ह जॉब्स यांनी त्यांना आपल्या नेक्स्ट कंपनीत बोलावले, आणि 1988 साली त्या संगणकाबरोबर ‘इंटरफेस बिल्डर’ बाहेर पडले. 1990 साली टिम बर्नर्स-ली यांनी जगाचे पहिले वेब-दर्शक लिहिले ते नेक्स्टवर आणि याच हत्याराच्या मदतीने.

तथापि आमच्यासारख्यांच्या हाती जे पडले ते निराळे. त्याची कथा थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे.

ॲलन कूपर नावाचे एक स्वतंत्र वृत्तीचे आज्ञावलीकार कॅलिफोर्नियात होते. विंडोज सुरू केल्यावर समोर येणारा पहिला पडदा, ज्यावरून माणूस आपापल्या कामाकडे वळतो, तो अधिक चांगला करावा असे त्यांच्या मनात होते. कोणता पडदा सर्वांना सोयीचा होईल? ते एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागप्रमुखाशी बोलले आणि त्यांच्या ध्यानात आले, की असा पडदा असूच शकत नाही. त्या कंपनीत तऱ्हेतऱ्हेची माणसे होती: कोणी यंत्रात मुरलेला, कोणी नुकताच खुर्चीवर बसलेला. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. तेव्हा कूपर यांनी ठरविले, की पडदा बनवायचाच नाही. पडदा बनविण्याचे सुटे भाग द्यायचे. ज्याचा त्याने आपल्या गरजेप्रमाणे जोडून घ्यावा. मुलांना खेळायला लाकडी ठोकळे द्यावेत तसे. या वस्तूला त्यांनी ‘ट्रायपॉड’ म्हटले. 1988 च्या मार्चमध्ये ती बिल गेट्स यांना दाखवली. गेट्स खूश झाले, मायक्रोसॉफ्टने ती घेतली, आणि तिचे नाव ‘रूबी’ झाले.

येथे कथेला वळण लागले. मायक्रोसॉफ्टने रूबी सर्वसामान्य वापरणाऱ्याला दिलीच नाही. 1964 साली डार्टमथ कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी जन्मलेल्या बेसिक या भाषेशी तिचे लग्न लावले, आणि 1991 च्या मे महिन्यात ‘व्हिज्युअल बेसिक’ बाजारात आले. ज्याचा पडदा त्याने जोडावा म्हणून घडवलेले ठोकळे आता पडदा जोडून देणाऱ्या कारागिराच्या पेटीत गेले. त्या कारागिरांपैकी मी एक. मला त्याचा लाभ झाला, पोट भरले. तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण वारणेच्या खोऱ्याकडे पाहताना हे वळण मला वारंवार आठवते.

व्हिज्युअल बेसिक पहिल्यांदा उघडले तो दिवस माझ्या लक्षात आहे. मधोमध करड्या रंगाचा कोरा फॉर्म, त्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठिपके. डावीकडे हत्यारांची पेटी, उजवीकडे गुणधर्मांची यादी. पेटीतून बटण उचलावे, ठिपक्यांवर ओढावे, हवे तेवढे करावे. त्यावर दोनदा टिचकी मारली की आतले पान उघडे, आणि दाबल्यावर काय व्हावे ते तेथे लिहायचे. आलेखाचा कागद त्या दिवशी मी रद्दीत टाकला. महिनाभराचे काम चार दिवसांत होऊ लागले. पुढे 1995 साली डेल्फी आले, ते माझ्या काही मित्रांना अधिक आवडे. मी मात्र बेसिकशीच प्रामाणिक राहिलो.

अडचण आली ती आपल्या भाषेची. भारतीय लिपींसाठी आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले. मॉड्युलर या पुण्याच्याच संस्थेची श्री-लिपी घरोघर पोचली. पण व्हिज्युअल बेसिकच्या बटणांना आणि चौकटींना युनिकोड कळत नव्हते. मग आम्ही काय करायचो? इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेला टंक वापरायचो. फॉर्मवर ‘सभासदाचे नाव’ असे सुरेख दिसे. उजवीकडच्या यादीत मात्र त्याच शब्दांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अगम्य काला. यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच. ती नुसती चित्रे होती, आणि ती कशी ओळीने लावायची हे त्याला ठाऊक नव्हते.

याचा प्रसाद मला 1996 साली मिळाला. जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी आज्ञावली केली. आधी तेथे फॉक्सप्रोचा काळा पडदा होता. मी मोठ्या हौसेने नवा फॉर्म आखला: आकाशी पार्श्वभूमी, उठावदार बटणे, कोपऱ्यात संस्थेचे बोधचिन्ह. संचालक मंडळाने पाहून वाहवा केली, चहा झाला. काम करायचे होते ते मात्र अण्णांना, संस्थेच्या जुन्या कारकुनांना, आणि ते त्या बैठकीत नव्हते.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. जुन्या पडद्यावर एंटर दाबले की पुढच्या चौकटीत जाता येई. अण्णांचे डोळे कागदावर आणि बोटे कळांवर; पडद्याकडे ते क्वचितच पाहत. माझ्या नव्या फॉर्मवर पुढे जाण्याची कळ वेगळी होती, आणि एंटर म्हणजे थेट ‘जतन करा’. अण्णांनी नाव टाईप केले, एंटर दाबले, आणि अर्धी नोंद वहीत जाऊन बसली. अशा चाळीस-पन्नास अर्ध्या नोंदी झाल्यावर त्यांनी मान वर केली. मी तो पडदा डोळ्यांसाठी रंगवला होता. त्यांचे काम बोटांनी चालत होते.

हे दुरुस्त करता आले. दुसरे अधिक लागले. दिवाळीच्या तोंडावर लाभांश वाटायचा होता, म्हणून सभासदांची अकारविल्हे यादी छापली. आमच्या त्या चित्रांच्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाई, जशी ती डोळ्याला दिसते तशी. त्यामुळे शिवाजी, विठ्ठल, किसन, हिंदुराव ही सारी मंडळी आपापली अक्षरे सोडून वेलांटीच्या नावाने एका भलत्याच कोपऱ्यात जमली. अण्णांनी ‘श’ची पाने उलटली आणि मला म्हणाले, ‘‘काय हो साहेब, संस्थेत एक बी शिवाजी न्हाई म्हंतोय तुमचा डबा! मग आजपतोर कर्ज दिलं ते कुणाला आमी?’’

सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसणे होण्याआधी, सकाळीच, शिवाजी नावाचे एक म्हातारे सभासद खेड्यावरून येऊन गेले होते. खिडकीतल्या नव्या पोराने यादी पाहिली आणि ‘तुमचे नाव नाही’ म्हणून सांगितले. ‘‘वहीत मी हाय की,’’ असे ते दोनदा म्हणाले म्हणे. पण वही आता कपाटात गेली होती. वसुबारसेच्या दिवशी ते रिकाम्या हाताने एस.टी.ने परत गेले. दोन दिवसांनी अण्णांनी निरोप पाठवून त्यांना बोलावले, पैसे दिले. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही, आणि ते मला फार जड गेले.

त्यानंतर मी अण्णांच्या शेजारी आठवडाभर नुसता बसून राहिलो. त्यांनी एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर मला हव्या त्या क्रमाने रकाने लिहून दिले. पहिला रकाना नावाचा नव्हताच. आधी गाव, मग खातेवहीचे पान, मग वडिलांचे नाव, आणि सर्वांत शेवटी माणसाचे. तीस वर्षे माणसे खिडकीशी येऊन याच क्रमाने स्वतःची ओळख सांगत होती. पुढे वाचनात आले, की 1990 च्या दशकाच्या अखेरीस खुद्द कूपर हेच सांगू लागले होते: ‘वापरणारा’ असा मोघम शब्द वापरू नका, एक माणूस डोळ्यांपुढे उभा करा, त्याला नाव द्या, आणि त्याच्यासाठी आखा. माझ्याजवळ तो माणूस आयताच खुर्चीवर बसलेला होता. मी त्याला चहाच्या बैठकीलासुद्धा बोलावले नव्हते.

आता गडावरून उत्तरेला पाहू. तिकडे वारणेचे खोरे लागते. पलीकडे सांगली जिल्हा. अलीकडे, पन्हाळा तालुक्यातच, वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी तेथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला आणि मग दूधसंघ, बाजार, शाळा-कॉलेजे, मुलांचा वाद्यवृंद असे एक गावच त्याच्याभोवती वाढले. 1998 साली पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने येथे ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. परिसरातली 70 गावे संगणकांनी जोडायची. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा, 10 टक्के वारणा समूहाचा. योगायोग असा, की व्हिज्युअल बेसिकची सहावी आणि त्या जुन्या घराण्यातली शेवटची आवृत्तीही त्याच वर्षी निघाली.

संगणक गावात जाऊन काय करणार होता, हे शहरातल्या वाचकाला कळायचे तर उसाचे गणित थोडे सांगितले पाहिजे. ऊस लावला की त्याची कारखान्याकडे नोंद होते. तोड कधी मिळणार हे त्या नोंदीच्या तारखेवर ठरते. तोड लांबली तर उभ्या उसाला तुरा येतो. तोडून पडून राहिला तर दिवसागणिक वजन घटते. काट्यावर किती टन भरले, खतापोटी किती कापले, हातात किती येणार, यावर पोरीचे लग्न आणि विहिरीचे काम ठरते. हे सारे कारखान्याच्या दप्तरात असते. ते कळावे म्हणून शेतकऱ्याने कामधंदा सोडून कारखान्यावर खेटे घालायचे, किंवा चिटबॉयची वाट पाहत बांधावर बसायचे. गावातल्या गावात ते आकडे मिळाले तर दिवस वाचतो, आणि दिवसापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, आपला हिशेब विचारायला कोणापुढे उभे राहावे लागत नाही.

योजनेची स्वप्ने याहून पुष्कळ मोठी होती: बाजारभाव, पिकांचा सल्ला, जगाचे जाळे. प्रत्यक्षात संगणक चालले ते मुख्यतः कारखान्याच्याच हिशेबासाठी. मला हे अपयश वाटत नाही. लोकांनी आपल्याला हवे तेवढे उचलले. परंतु माझ्या धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या पडद्यासमोर शेतकरी बसत नव्हता. बसत होता केंद्रावरचा चालक. शेतकरी टेबलाच्या या बाजूला उभा. पडद्याची पाठ त्याच्याकडे. तो तोंडाने विचारायचा, चालक कळा दाबायचा, आणि आकडा तोंडाने किंवा कागदावर परत यायचा. पडदा कितीही देखणा आखला असता, तरी शेतकऱ्याच्या लेखी आज्ञावलीची दर्शनी बाजू म्हणजे त्या चालकाचा चेहरा होता. तो दुपारी जेवायला गेला की ती मिटली.

पुढची गोष्ट गमतीची आहे. व्हिज्युअल बेसिक ज्या मायक्रोसॉफ्टचे, तिच्याच बंगलोरच्या संशोधन केंद्रातली माणसे वारणेला आली: राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा. त्यांनी केंद्रांवरचे काम पाहिले आणि एकही नवा पडदा न आखता सरळ विचारले, की येथे संगणक हवाच कशाला? तेच आकडे भ्रमणध्वनीवरून, साध्या एसएमएसने देता येणार नाहीत का? सात गावांत आठ महिने त्यांनी प्रयोग केला. संगणकावर होणारे सगळे काम फोनवर झाले. खर्च कमी, सोय अधिक, आणि शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडले. 2007 साली त्यांनी तो प्रबंध मांडला, नाव ‘वारणा अनवायर्ड’. तार जोडण्याची योजना आणि तार तोडण्याचा प्रयोग, दोन्ही एकाच खोऱ्यात, जेमतेम दहा वर्षांच्या आत.

एसएमएसमध्ये रंग नाही, बटण नाही, चौकट नाही. रोमन लिपीत 160 अक्षरे मावतात. देवनागरीत लिहू गेले तर 70. माझ्यासारख्याने आयुष्यभर जे आखले त्यातले काहीच तेथे उरले नाही. प्रथम वाचले तेव्हा मला, खोटे कशाला सांगू, थोडा मत्सरच वाटला. आज माझ्या पुतण्याची मुले टिचकी मारून फोनसाठी आज्ञावली जोडतात. 2010 साली गूगलने काढलेले आणि पुढे एमआयटीने सांभाळलेले ‘ॲप इन्व्हेंटर’ त्यांच्या शाळेत शिकवतात. रंगीबेरंगी ठोकळे एकमेकांत अडकवायचे. कूपर यांचे ठोकळे पुन्हा एकदा कारागिराच्या पेटीतून बाहेर पडले, असे मी त्यांना सांगायला गेलो, तर त्यांना कूपर ठाऊक नव्हते आणि मला त्यांचा ठोकळा कोठे अडकवायचा ते कळेना.

गेल्या गळीत हंगामात मी गडावरून कोडोलीच्या बाजूला उतरलो होतो. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. चहाच्या टपरीवर एक म्हातारे शेतकरी बाकावर बसले होते. खिशातला फोन वाजला, त्यांनी तो हात लांब करून धरला, मग शेजारी बसलेल्या मला म्हणाले, ‘‘बघा जरा पाव्हणं, किती टन लिवलंय?’’ मी आकडा वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली, टोपी काढली, घडीतून काट्याची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. आकडा तोच होता.

‘‘मग दोन्ही कशाला ठेवता?’’ मी विचारले.

‘‘दोन कुटं? तीन हाईत,’’ ते म्हणाले. ‘‘वजन हुताना काट्यावर मी सोता हुबा हुतो.’’

चिठ्ठी पुन्हा टोपीच्या घडीत गेली, आणि त्यांनी माझ्याही चहाचे पैसे दिले.